तिसऱ्या चंचुपात्रातली कांडी

ग्रिम्सबीत, शाळेच्या प्रयोगशाळेमागच्या अरुंद खोलीत
सकाळी साडेसातला मी बटाटे सोलते.
पगार त्याचाच: सारख्या लांबीच्या कांड्या पाडायच्या,
टिपकागदावर टिपायच्या, एकेकीचं वजन लिहायचं,
आणि सहा चंचुपात्रांत सहा तऱ्हांचं पाणी,
पहिलं साधं, मग जरा खारट, मग आणखी,
शेवटचं तर बंदरातल्या लाटेच्याही वर.
रात्रभर बुडू द्यायचं.

बार्शीला मी हेच फळ्यावर शिकवायचे.
परासरण. खडूने दोन बाण, मधे तुटक रेघ.
बटाटा कधी हातात नव्हता.
काकडीला मीठ लावून आई थांबते ना, म्हणायचे,
ते पाणी कुठून सुटतं?
आणि पुढचा तास कुणाचं लक्ष नसे,
भूक लागलेली असे सगळ्यांना. मलाही.

इथे शिकवतात मिस्टर ब्लँकिन.
आज त्यांची दाढ सुजलीय, आणि बदली बाई फ्रेंचच्या.
त्या म्हणाल्या, तुम्हीच बघा ना हे,
मला बटाटा फक्त ताटातला कळतो.

(आता कुणीही सराईत माणूस ही कविता
सीमेकडे वळवील, पासपोर्टकडे,
आत कोण, बाहेर कोण, वगैरे.
मी नाही वळवणार. दोन दिवस बटाटे सोलतेय,
बटाट्यांबद्दलच बोलेन.)

तर साध्या पाण्यातली कांडी ताठ झाली होती,
बाकावर आपटली की टक् वाजायची.
सगळ्यात खाऱ्यातली मरगळली.
एग्नेने ती बोटाभोवती वळवून अंगठी केली
आणि वर्गभर हात दाखवत हिंडली.
एक मी मुद्दाम उकडून ठेवलेली,
तिच्यात मीठ आलं, साखर गेली, रंग टाकला तर रंग.
मेलेली पेशी कुणालाच अडवत नाही.
जिवंत तेवढी हट्टी.
पाण्याला वाट, साखरेला मात्र ‘थांब, तुझं दार वेगळं’.
आणि आपल्या पेशी तर, मुलांनो,
सोडियमचे तीन कण बाहेर ढकलतात, पोटॅशियमचे दोन आत ओढतात,
पुन्हा तीन, पुन्हा दोन,
आपण घोरत असतो तेव्हासुद्धा,
आणि खाल्लेल्या घासातला केवढा तरी वाटा
या हमालीतच जातो.

शेवटच्या बाकावर कायरन डॉसन.
बाप मासळीच्या शीतगृहात रात्रपाळीला.
कायरन एरवी वहीसुद्धा काढत नाही.
त्याची कांडी तिसऱ्या पात्रातली.
काल ३.४२ ग्रॅम. आज ३.४२.
त्याने काटा शून्यावर आणला, कांडी पुन्हा टिपली,
पुन्हा ठेवली. तेवढंच.
रकान्यात शून्य लिहिलं, आणि कडेला बारीक अक्षरात:
माझं बिघडलं. काहीच झालं नाही.

मी त्याच्याजवळ वाकले.
माझं इंग्रजी अशा वेळी उगाच ताठ होतं.
म्हटलं, बिघडलं नाही रे.
रात्रभर जेवढं पाणी आत आलं, तेवढंच बाहेर गेलं.
कालचं पाणी आज आत फारसं उरलंही नसेल.
वजन तेवढं तेच.

तो कांडीकडे बघत राहिला.
‘मग ते घडलं हे कळतं कसं?’

बार्शीत हे कुणी विचारलं नव्हतं.
खुणेचे अणू असतात, मोठ्या प्रयोगशाळांत, असं काहीतरी मी म्हणाले,
आणि ते त्याला पटलं नाही, हे मला दिसलं.
त्याने ‘बिघडलं’ खोडलं.
‘काहीच झालं नाही’ तसंच ठेवलं,
पुढे एक प्रश्नचिन्ह.

मधल्या सुट्टीत सगळं बादलीत ओतलं.
अंगठी नळाच्या कडेला राहिली होती.
का कोण जाणे, ती साध्या पाण्यात टाकली.
पाचला दिवे मालवताना पाहिलं,
तर बरीचशी टणक झाली होती,
बोटाचा बाक मात्र
अजून गेला नव्हता.